चौदा साईट्स आणि एकच जुडगा

या वीकांताचा विषय थोडा कोरडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकाच सर्व्हरवर पाच-पंचवीस साईट्स असतील, तर प्रत्येक साईटचा कारभार वेगळ्या युजरच्या नावाने चालवावा की सगळ्यांना एकाच युजरखाली कोंबावं? बस्स, एवढंच. ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढच्या शनिवारी या, लोकलचे किस्से बरेच साठलेत. पण ज्यांनी कधी ना कधी ओळखीच्या कुणाची "छोटीशी साईट" फुकटात सांभाळली आहे (आणि सॉफ्टवेअरवाला म्हटल्यावर ते कुणाला चुकलंय?) त्यांनी जरा थांबा.

मूळ गोष्ट साधी आहे. लिनक्समध्ये चालणारी प्रत्येक प्रोसेस कुणाच्या तरी नावावर चालते, आणि प्रत्येक फाइल कुणाच्या तरी मालकीची असते. मालक, मालकाचा ग्रुप आणि उरलेलं जग अशा तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीला वाचणे, लिहिणे, चालवणे अशा तीन परवानग्या. कर्नल माणूस ओळखत नाही, नंबर ओळखतो. नंबर जुळला की दार उघडं.

वेब सर्व्हर सुरू होतो तो रूट म्हणून, कारण १०२४ च्या खालचा पोर्ट उघडायला परंपरेने रूटच लागतो आणि वेबचे पोर्ट ८० आणि ४४३. पोर्ट हातात आला की तो शहाण्यासारखा रूटची झूल उतरवतो आणि कामकरी प्रोसेस एका गरीब युजरच्या नावाने सोडतो. डेबियन-उबुंटूवर या गरिबाचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, नंबर ३३. रेड हॅटच्या घराण्यात त्याला नुसतंच अपाची म्हणतात. पूर्वी बऱ्याच ठिकाणी नोबडी असायचा, म्हणजे अक्षरशः "कुणीच नाही".

इथपर्यंत उत्तम. गोची पुढे आहे. पीएचपी जर अपाचीच्या पोटातच मॉड्यूल म्हणून चालत असेल, तर सगळ्या साईट्सचा सगळा कोड या एकाच ३३ नंबरच्या नावाने चालतो. मग साईट अ च्या कोडला साईट ब ची फाइल वाचता येते. का नाही येणार? कर्नलच्या लेखी दोघे एकच.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये एक मावशी सात घरी काम करतात. सातही घरची माणसं सकाळी लोकलला पळतात, म्हणून सातही घरांच्या किल्ल्या मावशींकडे, एका जुडग्यात. मावशी माणूस म्हणून सोन्यासारख्या, त्यांच्याबद्दल काही म्हणायचंच नाही. पण त्या सहाव्या घरी भांडी घासत असताना ओट्यावर ठेवलेला जुडगा कुणी दहा मिनिटं उचलला, तर फक्त सहावं घर उघडत नाही, सातही उघडतात. तुमच्या दाराला गोदरेजचं कुलूप असो नाहीतर आणखी कसलं, त्याचा काही संबंध उरत नाही. तुमच्या घराची सुरक्षितता आता सहाव्या घरचे लोक किती गाफील आहेत यावर ठरते.

हे नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. नावं गाळतोय.

माझा मावसभाऊ घाटकोपरला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. प्रिंटर, सीसीटीव्ही, टॅली, जे येईल ते. त्यातच ओळखीपाळखीच्या लोकांच्या साईट्सही तो एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतो. २०१९ साली अशा चौदा होत्या. बोरिवलीच्या दोन सोसायट्या, अंधेरीचा एक केटरर, मुलुंडचं एक वाचनालय, कांदिवलीचा एक कोचिंग क्लास, वगैरे. आणि एक साईट रक्तदात्यांची. काही पालकांनी मिळून चालवलेली, कारण त्यांच्या मुलांना थॅलेसेमिया आहे. या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, आयुष्यभर. साईटचं काम एवढंच की कुणाची पाळी जवळ आली की त्या गटाच्या दात्यांना आठवणीचा ईमेल जायचा. दिसायला साईट अगदी बाळबोध, पण चौदांपैकी सगळ्यात गरजेची तीच होती.

त्या पावसाळ्यात दात्यांचे ईमेल जायचे बंद झाले. म्हणजे सर्व्हरवरून सुटायचे, पण समोरचे सर्व्हर परत फेकायचे. चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. एका आईने शेवटी वही काढली आणि एकेकाला हाताने फोन लावला, म्हणून त्या आठवड्याचं निभावलं.

मी मुलुंडहून घाटकोपरला येऊन मेट्रोने अंधेरीला ऑफिसला जातो, त्यामुळे दुकान वाटेतच. संध्याकाळी उतरलो. बघतो तर सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत आणि मेलच्या रांगेत हजारो पत्रं, कसल्या कसल्या गोळ्यांची जाहिरात. आता ही कोण पाठवतंय? मेलच्या लॉगमध्ये प्रत्येक पत्रापुढे पाठवणाऱ्याचा नंबर असतो. सगळ्यांपुढे ३३.

"दादा, हा ३३ कोण?" भावाने विचारलं.

"तू."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या चौदाही साईट्स. यातली नेमकी कुठली ते हा लॉग सांगू शकत नाही."

त्या रात्री आम्ही चौदाही साईट्सच्या फाइली चाळत बसलो. दुकानाचं शटर अर्धं खाली, बाहेर धो धो पाऊस, आणि समोरच्या टपरीवाल्याने तीनदा चहा आणून दिला. शेवटी सापडलं कोचिंग क्लासच्या साईटवर. तीन वर्षं अपडेट न केलेलं फोटो-गॅलरीचं प्लगिन, त्यातून कुणीतरी एक छोटी पीएचपी फाइल आत सारलेली. ही फाइल म्हणजे मागचं दार. ब्राउझरमधून तिला हवा तो हुकूम द्यायचा, ती सर्व्हरवर चालवणार. आणि ती चालणार कुणाच्या नावाने? ३३.

तेच दार आणखी पाच साईट्सच्या अपलोडच्या फोल्डरांत कॉपी करून ठेवलेलं होतं. त्या पाचांचा दोष एकच, की त्या शेजारी राहत होत्या.

भाऊ म्हणाला, "काढून टाकल्या ना फाइली? प्लगिनही उडवलं. झालं की मग."

मला मात्र झालं असं वाटेना. रक्तदात्यांच्या साईटच्या फोल्डरमध्ये एक कॉन्फिग फाइल आहे, आणि त्यात डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला आहे. वर्डप्रेसची डब्ल्यूपी-कॉन्फिग असते तशीच. तो पासवर्ड घेऊन डेटाबेसात शिरलं की नावं, रक्तगट, मोबाइल नंबर, सगळी यादी समोर. मागच्या दारातून आलेल्याने ती फाइल वाचली का? सांगता येत नाही! ३३ ने ३३ ला वाचता येईल अशी फाइल वाचली, यात नोंद करण्यासारखं काही घडलंच नाही. दात्यांच्या साईटचा स्वतःचा कोडही ती फाइल दिवसात शेकडो वेळा त्याच नावाने वाचत होता. पालकांना काय सांगायचं यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग जे होतं तेच सांगितलं: नंबर बाहेर गेले असतीलच असं नाही, गेले नसतीलच असंही नाही. त्यांनी ते दात्यांना कळवलं. अशी कबुली द्यावी लागणाऱ्या पालकांचा यात काडीचाही संबंध नव्हता, ही मला यातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट वाटते.

"पण दादा, फाइलची परमिशन टाइट केली असती तर? ६४०?"

प्रश्न चांगला होता. उत्तर: काही फरक पडला नसता. परवानगी कितीही आवळा, साईटला स्वतःला ती फाइल वाचावीच लागते, आणि साईट म्हणजे ३३. ज्याच्यापासून लपवायचं आणि ज्याला दाखवायचं तो एकच माणूस असेल तर कुलपाला कुठलीच किल्ली पुरत नाही.

गंमत अशी की वेगवेगळ्या माणसांना एका यंत्रावर वेगवेगळं ठेवणं हे युनिक्सचं अगदी जन्मापासूनचं काम. आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्यांसाठी इंटरनेट आणलं, तेव्हा विद्यार्थ्यांना मिळायचं ते शेल अकाउंट. मोडेमची किरकिर, मग काळा पडदा, त्यावर लिंक्स नावाचा चित्रं न दाखवणारा न्याहाळक आणि पत्रांसाठी पाइन. ज्यांनी वापरलंय त्यांना जीआयएएसबीएम०१ हे यंत्राचं नाव अजून पाठ असेल. त्या यंत्रावर प्रत्येक ग्राहक हा एक स्वतंत्र युनिक्स युजर होता, स्वतःचा नंबर, स्वतःची होम डिरेक्टरी. बोरिवलीच्या मुलाला घाटकोपरच्या मुलीची पत्रं वाचता येत नव्हती, आणि त्यासाठी कुणी काही जगावेगळं केलेलं नव्हतं. पवईच्या आयआयटीतल्या संगणक विभागाच्या पत्त्यांत ती नागमोडी रेघ असते ना, टिल्डे, तीही हेच सांगते: हे पान अमुक युजरच्या घरातलं आहे. तिथे घराला ७११ आणि आतल्या वेबच्या फोल्डरला ७५५ द्यायची पद्धत. म्हणजे वेब सर्व्हरने पॅसेजमधून सरळ आत यावं, वाटेतल्या खोल्यांत काय काय आहे याची यादी मागू नये.

साधी पानं होती तोवर हे छान चाललं. पानं कोड झाली आणि भिंती पडल्या. ऑपरेटिंग सिस्टिमने घातलेल्या भिंती वेब सर्व्हरने चौदा जणांना एकच नंबर देऊन मोडीत काढल्या.

हे लोकांना कळत नव्हतं असं अजिबात नाही. १९९७ साली अपाची १.२ बरोबर सुएक्झेक आलं. हा एक छोटासा प्रोग्रॅम, मालक रूट, आणि त्यावर सेट-यूआयडीचा बिल्ला. (या बिल्ल्याचं पेटंट डेनिस रिचीच्या नावे आहे. १९७३ चा अर्ज, १९७९ ला मंजूर, आणि पुढे ते जनतेला मोकळं करून दिलं.) सुएक्झेकला एखादी सीजीआय स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावाने चालवायला सांगितली की ते आधी वीसेक प्रश्न विचारतं. फाइल ठरलेल्या फोल्डरच्या आत आहे का, मालक तोच आहे का, युजर रूट तर नाही ना. एक उत्तर चुकलं की नकार, आणि पडद्यावर ५०० नंबरची एरर. त्या काळात ज्यांनी सर्व्हर सांभाळले त्यांच्या डोक्याची या एररने मंडई केलेली आहे. पण त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो: ही फाइल मालकाशिवाय आणखी कुणाला लिहिता येते का? येत असेल तर चालवणार नाही.

आणि आपण त्या काळात काय करत होतो? ७७७ देत होतो! "अपलोड होत नाहीये? फोल्डरला ७७७ दे." हा त्या दशकातला सर्वात लोकप्रिय सल्ला असेल. कारण फाइली एफटीपीच्या युजरच्या मालकीच्या, कोड चालणार दुसऱ्याच्या नावाने, मग लिहिणार कसं? उघडा सगळ्या जगाला. डिसेंबर २००४ मध्ये सँटी नावाचा किडा आला, पर्लमध्ये लिहिलेला. पीएचपीबीबीच्या एका भोकातून शिरायचा, नवं सावज गूगलवर शोधायचा आणि सर्व्हरवर जिथे जिथे लिहिता येईल तिथली पानं पुसून स्वतःचा मजकूर लिहायचा. गूगलने त्याचे शोध अडवले तेव्हा तो आटोक्यात आला. "जिथे जिथे लिहिता येईल" ही त्यातली मेख.

बाकीचे प्रयोग भराभर सांगतो. पीएचपीने सेफ मोड आणला: स्क्रिप्टचा आणि फाइलचा मालक एकच आहे का, हे भाषेनेच तपासायचं. कर्नलचं काम भाषेने करायचं, हा मुळातच आंधळा कारभार. २००९ मध्ये ५.३ ने तो नको म्हणून जाहीर केला आणि २०१२ मध्ये ५.४ ने काढूनच टाकला. अपाची २.० मध्ये परचाइल्ड नावाची सोय होती, प्रत्येक साईटला वेगळा युजर. फक्त एक अडचण होती, ती चालत नव्हती. त्यांच्याच माहितीपत्रकात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. २.२ मध्ये ती गायब झाली. मग बाहेरच्या एकाने लिहिलेलं आयटीके आलं, ते चाललं आणि बरंच चाललं. त्यात प्रोसेस आधी रूटच्या अधिकारांसह मागणी वाचते, कुठल्या साईटची आहे ते बघते आणि मग त्या युजरचा अवतार घेते. म्हणजे अनोळखी माणसाचं पत्र पहिल्यांदा उघडणारा हात सर्वाधिकारी. मला ते कधीच झेपलं नाही.

उत्तर शेवटी आलं ते पीएचपी-एफपीएम. रशियातल्या आंद्रेई निगमातुलिनने सुरू केलेलं हे ठिगळ जुलै २०१० मध्ये ५.३.३ बरोबर मूळ पीएचपीत गेलं. वेब सर्व्हर बाहेर राहतो, चित्रं-पानं तो स्वतः वाढतो, आणि पीएचपीची मागणी आली की ज्या त्या साईटच्या सॉकेटवर देतो. सॉकेटच्या पलीकडे त्या साईटचा पूल, म्हणजे त्या साईटच्या युजरच्या नावाने चालणाऱ्या प्रोसेस.

घाटकोपरला आम्ही पुढच्या दोन रविवारी हेच केलं. चौदा युजर, चौदा पूल. प्रत्येक साईटचं फोल्डर ७५०, मालक साईटचा युजर, ग्रुप वेब सर्व्हरचा, म्हणजे वेब सर्व्हर वाचू शकतो आणि शेजारी डोकावू शकत नाही. कॉन्फिग फाइल ४००. ती वेब सर्व्हरलाही वाचायची गरज नाही, पीएचपी वाचते. सेशनच्या फाइलींना प्रत्येकाचं वेगळं फोल्डर. डेटाबेसचे युजरही वेगळे आणि सगळे पासवर्ड नवे.

भावाला काळजी मेमरीची. "दादा, चौदा पूल म्हणजे रॅम जाणार ना?" साईट्सच्या या आकाराला नाही. पूल ऑनडिमांडवर ठेवला की कुणी आलं तरच प्रोसेस उठते, काही सेकंद रिकामी बसली की मरते. सोसायटीची साईट दिवसात कितीदा उघडणार? मेंटेनन्सचं बिल निघालं की तेवढी दोन दिवस. प्रत्येक पुलाला जास्तीत जास्त प्रोसेसची मर्यादा घालता येते, हा उलट फायदाच. केटररच्या साईटवर गर्दी उसळली तरी ती वाचनालयाची जागा खात नाही.

मला स्वतःला यातला सगळ्यात मोठा फायदा सुरक्षिततेचा वाटतच नाही. तो आहे कोण काय करतंय ते दिसण्याचा. पूर्वी टॉप लावला की अपाची, अपाची, अपाची. आता युजरच्या रकान्यात साईटचं नाव येतं. सीपीयू कोण खातंय, डिस्क कोणी भरली, मेल कोणी पाठवली, सगळ्याला नंबर.

आता दोन अडचणीच्या गोष्टी, कारण असल्या लेखांत सहसा इथेच "आणि सगळे सुखी झाले" असं येतं.

पहिली. कोड आता साईटच्या मालकाच्या नावाने चालतो, म्हणजे स्वतःची प्रत्येक फाइल त्याला लिहिताही येते. जुन्या पद्धतीत ३३ ला निदान एफटीपीवाल्याच्या फाइली लिहिता येत नसत (७७७ दिलं नसेल तर). म्हणजे साईट फुटली की आता ती एकटी फुटते, पण पूर्ण फुटते. यावर उपाय म्हणजे साईटला दोन युजर: कोडचा मालक एक, चालवणारा दुसरा, आणि लिहायची मुभा फक्त अपलोडच्या फोल्डरात, जिथे पीएचपी चालवायला बंदी. उत्तम. फक्त मग वर्डप्रेसला बटण दाबून स्वतःला अपडेट करता येत नाही. कोचिंग क्लासच्या सरांना टर्मिनल उघडायला सांगणार का? आम्ही रक्तदात्यांच्या साईटला दोन युजर दिले, बाकीच्या तेरांना एकेक. न झालेला अपडेट हा जास्त मोठा धोका आहे असं माझं मत, आणि त्यावर माझ्याशी भांडायला ऑफिसातले दोघे अजून तयार असतात.

दुसरी जरा छुपी आहे. एफपीएमचे सगळे पूल एकाच मुख्य प्रोसेसची पोरं असतात, आणि संकलित कोड साठवणारी ऑपकॅशची मेमरी त्यांच्यात सामाईक असते. एका साईटची फाइल एकदा तिथे गेली की दुसऱ्या पुलाने तीच फाइल मागितल्यावर परवानगी न तपासता कॅशमधून मिळू शकते. म्हणजे भिंती चौदा, पण माळा एकच! ७.०.१४ पासून यासाठी व्हॅलिडेट-परमिशन नावाची सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. आपण चालू करायची. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचं बटण मुळात बंद का, हे मला आजवर कळलेलं नाही.

"हे सगळं २०१० चं झालं, आता डॉकर आहे," असं म्हणणारे भेटतात. आहे ना. पण वर्डप्रेसची डेबियनवर बेतलेली अधिकृत इमेज घ्या. आत अपाची, आणि त्याचे कामकरी ३३ च्या नावाने. असे चौदा डबे एका सर्व्हरवर लावा आणि बाहेरून बघा: चौदाही डब्यांत तोच ३३, कारण युजर नेमस्पेस वेगळे केले नाहीत तर आतला नंबर आणि बाहेरचा नंबर एकच. डब्याच्या भिंती आहेत म्हणून हे चालून जातं, आणि बऱ्यापैकी सुरक्षितही आहे. पण एक फोल्डर दोन डब्यांना जोडून दिलंत की आपण पुन्हा घाटकोपरच्या दुकानात. उलट तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन बघा: तिथे प्रत्येक ॲपला स्वतःचा लिनक्स युजर नंबर असतो, दहा हजारच्या पुढचा. कॅल्क्युलेटरला बँकेच्या ॲपच्या फाइली वाचता येत नाहीत, त्यामागे तीच जुनी युनिक्सची युक्ती.

असो. दात्यांचे ईमेल आयपी काळ्या यादीतून निघाल्यावर, म्हणजे साधारण दहा दिवसांनी, पुन्हा जायला लागले. त्या आईने फोनची वही मात्र बंद केली नाही, अजून चालू आहे. दिवाळीच्या सुमारास मेलची रांग परत एकदा फुगली होती. भावाने लॉग उघडला, नंबर १००६ होता, केटरर. तेवढा एक पूल थांबवला, केटररला मेसेज टाकला आणि शटर ओढून घरी गेला. मला दुसऱ्या दिवशी मेट्रोच्या जिन्यात भेटल्यावर सांगितलं.